रच्याकने : एका शब्दाची वाटचाल

चालू विषय क्षणभर थांबवून मध्येच वेगळे काही सांगायचे असेल, तर मराठी आंतरजालावर लिहिणारे वाक्याच्या आरंभी 'रच्याकने' हा शब्द योजतात. 'रच्याकने, परवाचे व्याख्यान कसे झाले?' अशा थाटाची वाक्ये तेथे सहज आढळतात. मोल्सवर्थच्या कोशात किंवा दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त हा शब्द असणे शक्यच नाही. त्याची घडण मात्र स्पष्ट आहे. इंग्रजीतील 'बाय द वे'चे मुद्दाम शब्दशः भाषांतर केले की 'रस्त्याच्या कडेने' असे होते. ते आखडून 'रच्याकने' झाले. 'बाय द वे'चा 'बीटीडब्ल्यू' हा आद्याक्षरी संक्षेप संगणकावरील इंग्रजी पत्रव्यवहारात आधीपासून रूढ होता. त्याला दिलेले हे मराठी उत्तर. १९९६ मध्ये सुरू झालेले 'मायबोली' आणि पुढे 'मनोगत', 'मिसळपाव' यांसारख्या संकेतस्थळांवर जी एक लेखी बोली आकाराला आली, तिच्यातील हा एक सुपरिचित शब्द. केवळ गंमत म्हणून तो बाजूला सारणे मला अवघड वाटते. शब्दाचे मराठीपण कशात असते, हा आपल्या अभ्यासक्षेत्रातील जुना प्रश्न तो अनपेक्षित बाजूने उपस्थित करतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की मराठीला या शब्दाची कोशीय गरज नव्हती. 'ओघाने आले म्हणून', 'बरे आठवले', 'जाता जाता' हे सारे प्रयोग हाताशी होते. त्यांपैकी 'जाता जाता' तर वाटचालीच्याच रूपकावर उभा आहे. असे असताना 'रस्त्याच्या कडेने' हे अवघडलेले भाषांतर करावेसे वाटले, कारण त्याच्या अवघडलेपणातच त्याचे प्रयोजन होते. मराठीत पर्यायी शब्द घडवण्याची परंपरा दीर्घ आहे. शिवकाळातील 'राजव्यवहारकोशा'पासून ती सावरकरांच्या 'महापौर', 'दिनांक' या शब्दांपर्यंत येते आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषेपर्यंत पोचते. या परंपरेने मराठीला टिकाऊ शब्द दिले, तसेच कार्यालयीन मराठीचा एक ताठ, अनुवादित सूरही दिला. 'रच्याकने' त्या सुराची नक्कल करतो. बाख्तिन ज्याला द्विस्वरी शब्द म्हणतो, त्याचे हे चांगले उदाहरण ठरेल. वरचा स्वर आज्ञाधारक भाषांतरकाराचा आहे. आतला स्वर त्याच्याकडे पाहून हसणाऱ्याचा.

या विनोदाला आणखी एक पदर आहे आणि तो बहुधा विनोद करणाऱ्यांच्या मनातही नसावा. इंग्रजीतील मूळ वाक्प्रचाराचा जुना अर्थ 'वाटेच्या बाजूला', 'वाटेने जाताना' असाच होता. विषयांतराचा अर्थ त्यावर नंतर चढला आणि वाट विस्मृतीत गेली. म्हणजे जे भाषांतर चुकीचे म्हणून हास्यास्पद ठरावे असा हेतू होता, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक निघाले. इंग्रजीत मृत झालेले रूपक मराठीतील थट्टेने जागे केले.

शब्दाचे रूप याहून बोलके आहे. मराठी लेखनाला संक्षेप नवे नाहीत. पत्रातील 'सा. न. वि. वि.', 'क. लो. अ.', 'ता. क.' हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आंतरजालावरील 'हहपुवा' म्हणजे 'हसून हसून पुरेवाट' आणि 'पुलेशु' म्हणजे 'पुढील लेखनास शुभेच्छा' हे त्याच कुळातले. शब्दांची आद्याक्षरे घ्यायची आणि बाकीचे सोडून द्यायचे, ही त्यांची रीत. या रीतीने 'रस्त्याच्या कडेने'चा संक्षेप 'र. क.' असा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. 'रस्त्या'मधला 'र' राहिला आणि त्याचा 'च्या' राहिला. 'कडे'मधला 'क' राहिला आणि त्याचा 'ने' राहिला. गळाली ती प्रकृती, टिकले ते प्रत्यय. संक्षेप करणाऱ्यांनी व्याकरणाचा विचार करून हे केले असे मानण्याचे कारण नाही. कानाला जे मराठी लागले ते त्यांनी ठेवले. 'ने' टिकल्यामुळेच हा शब्द 'ओघाने', 'क्रमाने', 'योगायोगाने' या क्रियाविशेषणांच्या पंक्तीत निमूटपणे जाऊन बसतो.

अर्थाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. आरंभी तो शब्द म्हणजे कोडे होते. ते उकलल्यावर हसू येई. मग तो ओळखीची खूण झाला. जो तो वापरतो तो 'आपल्यातला', असा संकेत त्याला चिकटला. पुढे फेसबुक, व्हॉट्सॲपच्या काळात तो त्या मंडळींबाहेर गेला आणि विषयांतर सुचवणारे साधे अव्यय होऊन राहिला. इंग्रजीतील 'एलओएल'चा इतिहास याला समांतर आहे. २०११ मध्ये तो 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'त दाखल झाला, तेव्हा तो लिहिणारा खरोखरच मोठ्याने हसत असतो असे कोणी समजत नव्हते. भाषाभ्यासक जॉन मॅक्व्हॉर्टर यांनी २०१३ मधील एका व्याख्यानात त्याला संभाषणातील सलगी दर्शवणारे अव्यय म्हटले, ते यथार्थ आहे. हसू संपते आणि व्याकरण सुरू होते.

मात्र ओळखीच्या खुणेचा जो मधला टप्पा, तो इतका निरागस नाही. 'रच्याकने'वर हसण्यासाठी मराठी पुरत नाही. इंग्रजी यावे लागते, आणि तेही इतके की त्याच्या भाषांतरातील विसंगती तत्काळ जाणवावी. याच बोलीतील 'दिवे घ्या' हा प्रयोग पाहा. 'लाइटली घ्या'मधील 'लाइट'चा दिवा करून तो घडला. ज्याला इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ ठाऊक नाहीत, त्याच्या हाती नुसताच दिवा येतो. शिवाय टोचून बोलायचे आणि शेवटी 'दिवे घ्या' लिहायचे, म्हणजे दुखावलेल्या माणसावरच विनोदबुद्धी नसल्याचा ठपका येतो. मराठीप्रेमाने एकत्र आलेल्या समूहाच्या दारावर इंग्रजीची कडी असावी, ही विसंगती त्या समूहाच्या विनोदाहून अधिक विचार करायला लावणारी आहे.

पदव्युत्तर वर्गात शब्दसिद्धीचा विचार चालू असताना मी हा शब्द फळ्यावर लिहिला. शहरातील इंग्रजी शाळांतून आलेल्या दोघांनी त्याची फोड लगेच केली. तालुक्याच्या गावाहून आलेला एक विद्यार्थी मात्र बुचकळ्यात पडला. तो हा शब्द दोन वर्षे रोज वापरत होता आणि अचूक वापरत होता. त्याच्या समजुतीप्रमाणे तो कुठल्या तरी भागातील बोलीचा शब्द होता. 'च्या' आणि 'ने' ऐकून त्याने हा निष्कर्ष काढला असणार. वर्गात थोडे हसू झाले. माझ्या मते त्या तासाला शब्दाचे सर्वांत अस्सल आकलन त्याचेच होते. ज्यांना विनोद कळला, त्यांच्या मनात तो शब्द इंग्रजीला टेकून उभा होता. ज्याला विनोद ठाऊकच नव्हता, त्याच्यापाशी तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता. सोस्यूर सांगतो ते चिन्हाचे यादृच्छिकत्व काही शब्दांना जन्मतःच लाभते. या शब्दाला ते विस्मरणातून मिळाले आणि त्याबरोबर दाराची कडीही निघाली.

या विस्मरणाची किंमत आहे, हेही मान्य करायला हवे. विनोद विसरला की त्यातली कार्यालयीन मराठीवरची टीकाही विसरली जाते. पण भाषेत सामावून जाण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. म्हणून आंतरजालावरील मराठीला सरसकट भ्रष्ट ठरवणारी समीक्षा मला अपुरी वाटते. ती शब्दाचे कूळ विचारते, त्याचे वळण पाहत नाही.

उद्या एखाद्या कोशकाराने 'रच्याकने'ची नोंद केली, तर शब्दापुढच्या कंसात तो कोणत्या भाषेचे नाव घालील? 'रस्ता' फारसीतून आलेला, 'कड' मराठी, अर्थ इंग्रजीतून उचललेला. 'रस्ता' आणि 'कड' यांचे तर एकेक अक्षरच उरले आहे. जे पूर्ण टिकले आहेत ते दोन प्रत्यय, आणि ते दोन्ही मराठी आहेत. कोशकाराने निर्णय त्यांच्यावर सोपवावा.