उलुगबेग नावाचा लघुग्रह

अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत आमच्या मशिदीच्या इनाम जमिनीचे कागद असायचे. पावसाळा सरला की ते कागद उन्हात पसरायचे आणि मला राखणीला बसवायचे. मला त्याचा भारी कंटाळा. परवा ते कागद आठवले, तेही एका लघुग्रहामुळं.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात २४३९ क्रमांकाचा हा लघुग्रह फिरतो. ऑगस्ट १९७७ मध्ये क्रिमियातल्या वेधशाळेत निकोलाय चेर्निख यांना तो सापडला. तारे एकमेकांच्या जागी तसेच राहतात, लघुग्रह त्यांच्यातून हळूहळू सरकतो. फोटोत तो सरकलेला ठिपका हुडकायचा. आधी तात्पुरतं नाव मिळालं, १९७७ क्यूएक्स२. क्यू म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. कक्षा पक्की झाली की क्रमांक मिळतो आणि शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. याचं नाव ठेवलं उलुगबेग.

उलुगबेग तैमूरचा नातू. आजोबांनी शहरं जिंकली, नातवानं समरकंदला वेधशाळा बांधली. तिथलं कोनमापनाचं यंत्र सुमारे ४० मीटर त्रिज्येचं, त्याचा खालचा भाग जमिनीत खोदलेला. १४३७ च्या त्याच्या 'झीज'मध्ये हजारावर ताऱ्यांची स्थानं आहेत. त्यानं मोजलेलं नाक्षत्र वर्ष आणि आजचं, यांत मिनिटाचाही फरक नाही. तीनशे वर्षांनी सवाई जयसिंहानं त्याच सारणीचा आधार घेतला.

राज्य करणं मात्र त्याला जमलं नाही. १४४९ मध्ये हजला निघालेल्या या माणसाचं शिर उडवलं गेलं, पोटच्या मुलाच्या हुकुमानं. पुढं वेधशाळाही मोडली, तिची जागासुद्धा लोक विसरले. आपल्या जलशांत मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं मोठ्या अभिमानानं घेतात. शिर कुणी उडवलं, इथं वक्त्यांचा घसा बसतो.

जागा सापडली १९०८ मध्ये. व्याटकिन नावाच्या रशियन संशोधकाला वक्फचा एक जुना दस्तऐवज मिळाला, त्यात वेधशाळेचा ठावठिकाणा होता. त्यानं तिथं खोदलं, तर त्या यंत्राची जमिनीतली कमान जशीच्या तशी!

हे वाचून मी गावी भाईजानला फोन लावला. अब्बांची पेटी माळ्यावरच आहे म्हणाला. वरचे चार-पाच कागद एकमेकांना चिकटलेत, बाकीचे बरे आहेत.

"पण सगळं मोडीत आहे रे," तो म्हणाला. "तुझ्या ओळखीत कुणी वाचणारा आहे का, बघ."