मकरपुऱ्याची वाट

कलाभवनावरून दक्षिणेस मकरपुऱ्याकडे निघाले की जुने बडोदे हळूहळू मागे पडते आणि औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची रांग सुरू होते. गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याबरोबर मी तेथे गेलो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे वेल्डरचे प्रमाणपत्र त्याच्या खिशात होते.

कारखाना उच्च दाबाच्या टाक्या बनविणारा. परीक्षेसाठी नळी ४५ अंशांत तिरपी पक्की बांधली होती. ती फिरवायची नाही. उमेदवाराने आपणच तिच्याभोवती फिरून सांधा भरायचा. मग क्ष-किरणांनी सांध्यातील पोकळ्या शोधतात. आमच्या मुलाने वर्षभर बहुतेक सपाट पट्ट्याच जोडल्या होत्या. सांधा नापास झाला.

"हात चांगला आहे, सवय नाही," फोरमन म्हणाले. "सहा महिने उमेदवारी करू द्या."

परतताना कलाभवनापाशी क्षणभर थांबलो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते स्थापिले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. रंगकाम, विणकाम अशा चालत्या धंद्यांशी शिक्षणाची सांगड तेव्हाच घातली गेली होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामागचा हेतूही तोच.

'प्रमाणपत्र मिळाले की नोकरी पक्की,' असे मुलाच्या वडिलांना सांगणारा मीच होतो. आता पालक सल्ला विचारावयास आले की मी म्हणतो, प्रवेश घेण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन मकरपुऱ्याला जाऊन या. तेथे कोणता सांधा मागतात ते पाहा, आणि तोच शिकवाल का, असे संस्थेला विचारा.