डीनच्या हातातला झाडू

३ ऑक्टोबर २०२३ चा तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील संडासापाशी उभे, आणि हॉस्पिटलचे प्रभारी डीन झाडू घेऊन संडास धुतायत.

आमच्या पोरांच्या ग्रुपवर फोटो पडला तेव्हा पहिला सूर एकच होता. बरं झालं. जिरली. एसीत बसणाऱ्याला कळू दे. मग कळलं की डीन आदिवासी आहेत. ॲट्रॉसिटीखाली खासदारावर गुन्हा दाखल झाला, आणि त्याच पोरांनी, त्याच अंगठ्यानं, जाहीर निषेध टाइप केला. दोन्ही वेळा पोरं मनापासून बोलत होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला या दोन पोस्टींच्या मधल्या जागेबद्दल लिहायचंय, कारण तसल्या संडासाच्या दारात मी बरेच दिवस काढलेत.

आधी काय झालं ते नीट मांडतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, चोवीस तासांत त्या हॉस्पिटलात २४ माणसं गेली. त्यातली १२ नवजात बाळं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात चोवीस तासांत १८ गेले होते. तेव्हाही चौकशी समिती नेमली होती. समिती नेमायला आपल्या राज्यात कधीच औषधासारखा तुटवडा पडत नाही.

विष्णुपुरीला ५०० खाटांची मंजुरी आणि पेशंट त्याहून कितीतरी जास्त. येतात कुठून? किनवट-माहूरच्या डोंगरातून, हदगाव, देगलूर, मुखेडमधून, हिंगोली-परभणीतून, तेलंगणाच्या हद्दीतल्या गावांतून. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढं मोठं सरकारी हॉस्पिटल दुसरं नाही, हे त्या वेळी हॉस्पिटलनंही सांगितलं. आणि येतात कधी? हे आपल्याला सांगायला कुणी डॉक्टर लागत नाही. आधी गावातला इंजेक्शनवाला. मग तालुक्याचा प्रायव्हेट. तिथं बायकोचं डोरलं, शेळी, बचत गटाचं कर्ज, सगळं जिरतं. पैसा संपला की तो डॉक्टर मोठ्या मायेनं म्हणतो, सरकारीत न्या. बाळ तोवर निळं पडलेलं असतं. ते मरतं सरकारी दवाखान्यात, म्हणून सरकारी दवाखान्याच्या खात्यावर पडतं. प्रायव्हेटवाल्याची वही कोरीच.

मग औषधाचं. पहिल्या दिवशी बातमी आली की औषधं नव्हती, माणसं नव्हती. लगेच सरकारकडून आलं की साठा भरपूर होता. मुख्यमंत्रीही तेच बोलले. हायकोर्टानं आपणहून दखल घेतली. खरेदीची भानगड जुनी आहे. २०१७ पासून राज्याची औषध खरेदी हाफकिनकडं दिली होती. ती रखडते म्हणून ओरड झाली, आणि २०२३ मध्ये नवं खरेदी प्राधिकरण करायचा कायदा केला. मधल्या काळात काय? मधल्या काळात चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे काय ते ज्याचं माणूस ॲडमिट होतं त्याला विचारा.

आता माझ्या घरचं सांगतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या ज्या बाईनं आम्हाला चादर दिली तिची नोकरी कंत्राटावर आहे.

माझी आत्या अहमदपूरकडली. साखरेची बीमारी, पायाला जखम, जखमेत पू. गावात महिनाभर हळद भरली. ताप डोक्यात गेला तेव्हा आम्ही तिला आणलं. केसपेपरच्या खिडकीवर रांग. आतल्या माणसानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव ऐकून एकदा मान वर केली. बस, एवढंच. काही बोलला नाही. त्या मान वर करण्याचा गुन्हा कोणत्या कलमात बसतो? पेपर मिळाला.

तिथून पुढं आम्हीच नोकर. स्ट्रेचर आम्ही ढकलायचं. रक्ताची बाटली लॅबला आम्ही न्यायची, रिपोर्ट आम्ही आणायचा. एक्स-रे खाली, वॉर्ड वर, लिफ्ट बंद. सलाईनला स्टँड नव्हता तर दोन तास बाटली धरून माझा चुलतभाऊ उभा, हात बदलत. आत्या म्हणाली, "लेका, उलशिक बस की रे, भीमजयंतीला झेंडा धरल्यावानी उभाच हायस." त्या हालतीतही हसलो आम्ही.

डॉक्टर म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोरगं. डोळे लाल. छत्तीस तास झालेत ड्युटीला, म्हणाला. चिठ्ठी लिहून दिली : बाहेरून आणा. मी म्हटलं, डॉक्टर, सरकारनं १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार फुकट केलेत ना? तो कंटाळून म्हणाला, ते आरोग्य खात्याचं. आम्ही वैद्यकीय शिक्षणवाले. गोष्ट खरी होती. घोषणा ऐकताना कोण विचारतं कुठल्या खात्याची? पेशंटला एकच सरकार ठाऊक असतं. मी समोरच्या मेडिकलवर गेलो. तिथं सगळं होतं. रस्ता ओलांडला की महाराष्ट्रात कशाचाच तुटवडा नाही.

खाट मिळाली ती अर्धी. एका खाटेवर दोन बायका, एकीचं डोकं इकडं, दुसरीचं तिकडं. दुसरी बाई आमच्याच पट्ट्यातली, पाटलाच्या भावकीतली, पण शेत गेलेली, नवरा गेलेला. दोघींची गावं पाच कोसांवर. बराच वेळ पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग तिनं विचारलं, "बाई, गावात कोणत्या आंगाला घर तुमचं?" आत्या ताठ बोलली, "भीमनगरात." त्या बाईनं पाण्याची बाटली उशाकडून उचलली आणि भिंतीच्या बाजूला ठेवली. हळूच, कुणाला दिसू नये अशी. आत्यानं पाहिलं. मीही पाहिलं. रात्री दोन वाजता त्या बाईला संडासला लागली. तिच्यासोबत कुणी नव्हतं. एक पाय सुजलेली आत्या उठली, तिच्या काखेत हात घातला आणि दोघी लंगडत गेल्या. सकाळी बाटली भिंतीकडंच होती.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडच्या एका शिक्षकाचा प्रसंग नोंदवलाय. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त त्या शिक्षकाचं पत्र आलं होतं. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. अखेर अटी घालून आला. बाईला वस्तीबाहेर आणलं. त्यानं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावलं. परत तसंच. त्या बाईला त्यानं हात लावला नाही. बाई गेली. मी हे आत्याच्या वॉर्डात बसून पुन्हा वाचलं. आता थर्मामीटर तीन हातांतून जात नाही हे खरं. त्या लाल डोळ्यांच्या डॉक्टरनं आत्याची सडकी जखम हातात धरून धुतली, नाक न मुरडता. त्याची जात मी विचारली नाही. पण सिस्टर सकाळी राऊंडच्या आधी ओरडायची, "तुम्ही लोकं कुठंही घाण करता." 'तुम्ही लोकं' मध्ये कोण कोण येतं? त्या पाटलीणबाईही आल्या होत्या त्यात. त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. सिस्टरला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. तिच्या एकटीच्या जिवावर ऐंशी पेशंट होते. आणि आत्याला रात्री थंडी वाजली तर आपली शाल काढून देणारी नर्सिंगची पोरगीही तिथलीच.

आता संडासाकडं येतो. घाण होता. पाणी सकाळी दोन तास. कडी नाही, बल्ब नाही. बायका जोडीनं जायच्या, एक आत, एक दार धरून. बाळंतिणी त्यातच. म्हणून खासदाराचा राग पाहून नातेवाइकांना बरं वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांची लेकरं गेली होती.

पण खासदारानं शिक्षा म्हणून काय निवडलं ते बघा. औषधाची नोंदवही उघडायला लावली नाही. भरतीची फाईल आणायला लावली नाही, कारण ती फाईल मुंबईत, त्यांच्याच सरकारच्या टेबलावर. हातात झाडू दिला. माणसाला खाली आणायचं तर त्याच्या हातात झाडू द्यायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आणि निषेध करणाऱ्यांनीही तेच म्हटलं : एका डॉक्टराला संडास धुवायला लावलं! डीनचा अपमान झाला, यात वाद नाही, आणि एका आदिवासी माणसाचा तो जास्तच झाला. पण तो झाडू रोज कुणाच्या हातात असतो? एवढ्या चॅनेलांतून, एवढ्या पोस्टींतून तिला कुणी विचारलं का, की बाई, तुझं काम ही महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी शिक्षा आहे, तर तुला कशाची शिक्षा झालीय?

आमच्या वॉर्डातली ती बाई, आपण तिला मावशी म्हणू, दोन वॉर्ड मिळून रात्रपाळीला एकटी. ठेकेदाराची. हातमोजे नाहीत, ॲसिड पातळ केलेलं. तीन महिन्यांचा पगार थकलेला. स्ट्रेचर ढकलणारा मामा पन्नास रुपये मागायचा. पोरं त्याच्यावर चिडायची. त्याचाही पगार थकलेला होता हे त्यांना मी दाखवलं, तरी पन्नास रुपये वाईटच. गरिबाकडून गरिबानं घेतलेले. मावशीनं काही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर बाबासाहेबांचा फोटो दिसला तेव्हा फरशी पुसता पुसता, मान वर न करता म्हणाली, "जयभीम भाऊ." आणि अर्ध्या तासानं धुतलेली चादर आणून दिली. मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. ज्याच्या मोबाइलवर हा फोटो नाही त्याला चादर कोण देणार?

लातूरचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. लातूर पॅटर्न अख्ख्या देशाला माहीत. लातुरात आणि नांदेडात कोचिंगच्या गल्ल्याच्या गल्ल्या. आपली पोरंही तिथं शिकतात, बाप ऊसतोडीला जातो आणि पोरगं नीटची तयारी करतं. डॉक्टर घडवायचा एवढा मोठा धंदा ज्या दोन शहरांत, तिथल्या सरकारी वॉर्डात एक पोरगं छत्तीस तास उभं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली तेव्हा कुठून कुठून डॉक्टर आले होते. बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला नांदेडची मोजणी सुरू झाली. या वेळी जमीन हलली नव्हती, म्हणून कुणी धावत आलं नाही.

आत्याची दोन बोटं गेली, पाय वाचला. घरी आहे. पण आम्ही चार-पाच पोरं त्या दवाखान्यात जाणं सोडलं नाही. दर मंगळवारी संध्याकाळी केसपेपरच्या खिडकीजवळ बसतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म भरतो, राशनकार्ड नाही म्हणून योजनेतून बाहेर काढलं तर कुठं जायचं ते सांगतो. कुणाला बाहेरची चिठ्ठी मिळाली की तिचा फोटो काढून तारीख टाकून ठेवतो. महिनाभराच्या चिठ्ठ्या जमल्या तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाकला : या औषधांचा त्या त्या तारखेचा साठा दाखवा. उत्तर आलं, माहिती विस्तृत स्वरूपाची आहे. अपील केलंय. मोर्चा काढू नये असं मी म्हणत नाही. जिल्हाधिकाऱ्याला निवेदन देतानाचा फोटोही काढा. पण स्टोअरकीपरला मोर्च्याची सवय आहे, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याची नाही. तो गठ्ठा पाहून त्यानं आम्हाला पहिल्यांदा खुर्ची दिली.

गेल्या महिन्यात मावशी आमच्या टेबलापाशी आली. म्हणाली, "पेशंटाचं लिहिता, बरं करता. आमच्या पगाराचं कधी लिहिणार?" मी कागद काढला. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, हातमोजे, गमबूट, रात्रपाळीला दोन माणसं. वाचून दाखवलं. ती म्हणाली, गमबूट वर लिवा, पाय सडायलेत. वर लिहिलं. सात जणींनी सह्या केल्या, त्यात दोन अंगठे. मामानं सही करायला आधी नाही म्हटलं, मग जिन्यावरून परत आला. आवक-जावकच्या बाबूनं, हे ठेकेदाराकडं द्या, म्हणून कागद परत ढकलला. आम्ही तिथंच बसलो. पावणेसहाला त्यानं शिक्का मारला. पोचीची झेरॉक्स मावशीकडं आहे.