आधी रेचक

बदलापुरात उल्हास नदीकाठी पावसाचा जोर वाढला की काही घरांतली झोप उडते. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांतल्या काही बायका माझ्या प्राणायामाच्या वर्गात येतात. ‘ताई, श्वास वरच्या वरच अडकतो,’ एवढंच सांगतात. पुराचा विषय फार उशिरा निघतो.

हल्ली मोबाईलवर पाहून त्या विचारतात, ‘जोरजोरात श्वास घेतला की मनात साचलेलं बाहेर पडतं म्हणे. ते शिकवा ना!’ मनोविकारतज्ज्ञ स्टानिस्लाव ग्रोफ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांनी १९७० च्या दशकात अशी एक पद्धत घडवली. वेगानं श्वसन केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, कधी रडू फुटतं. रडून हलकं वाटतं, हे खरंच. पण पुराच्या रात्री जिला धाप लागली होती, तिला तीच धाप पुन्हा त्या रात्रीत नेऊ शकते.

म्हणून मी रेचकापासून, म्हणजे श्वास सोडण्यापासून सुरुवात करते. तीन अंक मोजत श्वास आत, पाच-सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, धडधड उतरते. मग भ्रामरी; गुंजारव करताना रेचक आपोआप लांबतो. कुंभक मात्र नाही. बुडण्याची भीती ज्यांनी अनुभवली, त्यांना श्वास रोखायला सांगू नये. डोळे मिटायचीही सक्ती नको. ज्यांना दाराजवळ बसायचंय, त्यांनी दाराजवळ बसावं.

उल्हासनगरच्या वर्गातले सिंधी आजोबा फाळणीत सुटलेल्या घराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मीही विचारत नाही. श्वास मोकळा व्हायला कहाणी सांगावीच लागते असं नाही.

वाघ-सिंहाला जसं हळूहळू माणसाळवतात तसा प्राण वश करावा, नाहीतर तो साधकावरच उलटतो, असं ‘हठप्रदीपिका’ हा योगग्रंथ बजावतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. श्वासाला असं जपून, पारखून हाताळणं हाच आपला वारसा आहे.

रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर वेगवान श्वसनाच्या वाटेला जाऊ नका. जखम खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. प्राणायाम उपचारांच्या जोडीला असावा, त्यांच्या जागी नव्हे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. तो जवळ ठेवा.