धावपट्टीवरून उसात

१४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं एक छोटं लिअरजेट विमान मुंबईच्या विमानतळावर भर पावसात उतरताना धावपट्टी सोडून बाजूला गेलं. सुदैवानं आतली आठही माणसं वाचली. बातमी वाचून मी सौ.ला म्हणालो, "एवढी रुंद पट्टी, आणि ह्यांना सरळ जाता येऊ नये?"

माणसानं असं बोलू नये. आठच दिवसांनी गौरीच्या जेवणाला आम्ही दोघं स्कूटरवरून शिरूरहून दौंडला निघालो, आणि न्हावऱ्याच्या पुढे पावसात मी रस्ता सोडून थेट उसात उतरलो. मला नुसतं खरचटलं. सौ.चं मनगट मोडलं.

चौकशी जागेवरच सुरू झाली. जमलेल्यांपैकी एकानं "पाहुणं, घेतलीय का काय?" अशी प्राथमिक विचारणा केली. दुसरा मोडलेला ऊस मोजू लागला. दौंडला सासऱ्यांनी प्रकरण वरच्या पातळीवर नेलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. मार्ग सोडणं हा त्यांच्या लेखी चारित्र्याचा प्रश्न! "झालं कसं?" ह्यापेक्षा "केलं कुणी?" ह्यातच सगळ्यांना गोडी. तेव्हा मीही एक आरोपी हजर केला. म्हटलं, कुत्रं आडवं आलं.

पुढे फावल्या वेळात (म्हणजे सौ.च्या वाटची भांडी घासून झाल्यावर) विमानांच्या चौकशीबद्दल वाचलं. आपल्याकडे त्यासाठी २०१२ पासून वेगळा ब्युरो आहे. आंतरराष्ट्रीय दंडकच असा, की तपास करायचा तो पुढचा अपघात टळावा म्हणून; दोष कुणाच्या माथी मारायला नव्हे. ती प्रसिद्ध काळी पेटीसुद्धा चटकन दिसावी म्हणून नारिंगी असते! वारा, पाऊस, ब्रेक, वैमानिकाची झोप, सगळं तपासतात. ओल्या पट्टीवर चाकाखाली पाण्याचा थर साचला, की चाक त्यावर तरंगतं. मग ब्रेक दाबला काय नि न दाबला काय! ते पाणी बाजूला सारायलाच टायरला खाचा असतात.

खाचा हा शब्द वाचला आणि मी उठून स्कूटरपाशी गेलो. मागचा टायर माझ्या टाळूइतका गुळगुळीत होता. 'बदला, बदला' म्हणून सौ. उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होती.

त्या रात्री तिच्या गळ्यातल्या झोळीकडे बघवेना. म्हणालो, "अगं, कुत्रं नव्हतंच. टायर झिजला होता, आणि मी जोरात होतो."

"ठाऊक आहे मला," ती शांतपणे म्हणाली. "दौंडात कुत्रं काळं होतं, शिरूरला येईस्तोवर पांढरं झालं. आता माझ्या शिफारशी ऐका. उद्या टायर बदला. आणि प्लास्टर निघालं तरी भांडी तुम्हीच घासा."

तपासाचा हेतू शिक्षा करणं हा नसतो, एवढं तिला वाचून दाखवायचं अजून राहिलंय.