दर आणि शिल्लक

आमच्या वसईत आखाती नोकरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : "दर काय चाललाय?" सौदी रियाल २०१३ च्या आरंभी सुमारे १५ रुपयांना होता, २०२५ मध्ये तो २२ रुपयांपुढे गेला. यात रियालचा पराक्रम काही नाही. १९८६ पासून तो डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. घसरला तो आपला रुपया. आणि रुपया घसरला की इंधन, खाद्यतेल इथेही महागते, हे मात्र चर्चच्या पटांगणातल्या गप्पांत सहसा कोणी बोलत नाही.

नुकतेच आमच्या भाच्याला जेद्दाहून बोलावणे आले. पगार सहा हजार रियाल. "मामा, सव्वा लाखाच्या वर होतात!" तो म्हणाला. गुणाकार बरोबर होता. परंतु बायको आणि दोन मुलांना सोबत नेण्याचा त्याचा बेत होता, म्हणून आम्ही वही पुढे ओढली. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातील प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल आकार बसविला. तो वाढत २०२० साली ४०० वर पोहोचला. त्याच वर्षी मूल्यवर्धित करही ५ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. तिघांचे बाराशे रियाल, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा, घरभाडे आणि शाळेच्या फीपूर्वीच संपला. दर पगाराला लागत नाही, मागे उरेल त्या शिलकेलाच लागतो.

दुसरी गोष्ट तेलाची. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरांवर असलेले पिंप जानेवारी २०१६ मध्ये तिसाखाली आले. सरकारी कंत्राटांची बिले तटली आणि त्या उन्हाळ्यात हजारो भारतीय कामगार पगाराविना तेथील छावण्यांत अडकले. त्यांच्या हाती असलेल्या करारपत्रांवर पगाराचे आकडे उत्तमच होते. तेव्हा मालकाचे काम सरकारी पैशावर कितपत चालते, हे आधी विचारावे.

एकट्याने गेल्यास शिल्लक कितीतरी वाढते, हेही वहीत स्पष्ट दिसले. पण धाकटी तीन वर्षांची आहे, आणि सुनेने त्या आकड्याकडे पाहून मान फिरविली. आम्ही तिला आग्रह केला नाही. आखाती पैशाने उभी राहिलेली घरे आमच्या आळीत पुष्कळ आहेत. त्यांतील काहींत वडील वर्षाकाठी महिनाभराचे पाहुणे होते.

निर्णय अजून व्हायचा आहे. आमचे मत एवढेच, की जायचे तर प्रथम दोन वर्षांपुरते, परतीच्या तिकिटाची अट लेखी घेऊन, आणि घरच्या सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम येथील बँकेत ठेवून.