दुधनेकाठचा अर्धा ड्रम

मनमाड–परभणी रेल्वेमार्गावर सेलू लागतं. तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्पाचं धरण आहे. मे महिन्यात आम्ही ज्या घरी उतरलो, तिथे अंगणात कडुनिंबाखाली निळा ड्रम अर्धा कापून ठेवला होता. आत बोटाएवढे मासे, मरळीच्या गळाला लावायचे.

हे मासे भुकेने क्वचितच मरतात, मरतात ते पाण्याने. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. म्हणून घरातले चाचा ते पसरट टोपात दिवसभर उघडं ठेवतात आणि सावलीत निवल्यावरच ड्रममध्ये ओततात. सगळं पाणी एकदम कधी बदलत नाहीत. रोज चौथा हिस्सा काढायचा, आणि काढलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालायचं. पाण्याची किंमत मराठवाड्याला कुणी शिकवायला नको! पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते, मासे वर येऊन तोंड उघडतात. त्यासाठी ड्रमभोवती ओलं गोणपाट आणि आत हवेचा छोटा पंप. वीज गेली की मुलं तांब्याने उंचावरून पाणी सोडत बसतात. गर्दी करायची नाही. पेंडेची चिमूट लगेच संपेल एवढीच टाकायची, कारण उरलेली कुजते. मेलेला मासा दिसताक्षणी बाहेर.

एवढी निगा राखून शेवटी जिवंत मासा गळाला टोचायचा? आम्ही विचारलंच. दादीने आतूनच उत्तर दिलं, “आमच्या घरात जिवंत टोचत नाहीत.” मुफ्ती अमजद अली आझमी यांच्या ‘बहारे शरीअत’मध्ये जिवंत मासा किंवा बेडूक गळाला लावण्याची मनाई आहे, कारण त्यात जिवाला विनाकारण यातना होतात. आधी मारून मग लावावा. मग ड्रम कशाला? तर या उन्हात मेलेला मासा तासा-दोन तासांत मऊ पडून गळावरून सुटतो. ताजा हवा, तर ऐन वेळेपर्यंत जिवंतच ठेवावा लागतो. मरळ वळवळीवर जास्त झेप घेते हे चाचांना ठाऊक आहे. मेलेल्या माशाला दोरीने हलके झटके देत ते तासन्‌तास बसतात. कधी रिकाम्या हातांनी परततात. आम्हाला तो सौदा पटला.

जलाशयातली मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा गळ टाकण्याआधी विचारून घ्यावं. आणि उरलेले मासे ज्या पाण्यातून आणले, तिथेच सोडावेत. बाजारातले अनोळखी मासे धरणात सोडू नयेत. थाई मागूर तर पाळायलाही देशात बंदी आहे.